जालन्याच्या सळईवरची कालवं

तातेराव खरातांच्या हातचं गेट जुन्या जालन्यात कुठंही ओळखू येतं, असं लोक म्हणत, आणि तातेरावांनाही ते मनातून पटलेलं होतं. मस्तगडात त्यांचं वेल्डिंगचं दुकान. जोड असा घासायचे की डोळे मिटून बोट फिरवलं तरी कुठं सांधलंय ते कळू नये. मग रेड ऑक्साईडचा एक हात आणि त्यावर ऑइल पेंटचे दोन. रंग लावल्याशिवाय त्यांच्या दुकानातून दाराची कडीसुद्धा बाहेर पडत नसे. मूळ गाव पिंपळगाव रेणुकाई. तिथं त्यांच्या वडिलांनी जन्मभर दुसऱ्याच्या रानात मजुरी केली होती, त्यामुळे स्वतःच्या हातची वस्तू चारचौघांत उठून दिसणं ही तातेरावांच्या लेखी साधी गोष्ट नव्हती.

त्याहून मोठा अभिमान लेकीचा. संध्या शिकत शिकत कोकणात गेली, समुद्रातल्या जिवांचा अभ्यास केला, आणि आता मालवणच्या अलीकडं एका खाडीकाठच्या गावात एका संस्थेत काम करत होती. दुकानावर कुणी विचारलं, "पोरगी काय करते?" की तातेराव सांगत, "शास्त्रज्ञ हाय." पुढचा प्रश्न यायचा, "कशाची?" तिथं गाडी अडायची. ते म्हणायचे, "समुद्राची." शेजारच्या हार्डवेअरवाल्या अप्परावांनी एकदा हसून विचारलं, "म्हणजे मासळीची का?" तातेरावांनी "तसंच काहीतरी" म्हणून ग्राइंडर सुरू केला होता. बापाला लेकीचं काम सांगता येत नाही, हे त्यांना खुपत होतं.

त्या वर्षी दिवाळीला संध्या घरी आली तेव्हा त्यांनी तिला समोर बसवलं. "आता मला बराबर समजावून सांग. तू तिथं काय करून राह्यली?"

संध्या खुशीत आली. म्हणाली, "बाबा, आपल्या नदीत शिंपले असतात ना, तसंच खाडीत कालव असतं. दगडाला चिकटून राहतं. त्या गावच्या बाया ओहोटीला जातात, कोयतीनं ते फोडून काढतात, बाजारात विकतात. घर चालतं त्यांचं. पण आता कालवं कमी झाली."

"लई काढली म्हणून?"

"ते एक. मोठ्याबरोबर बारकंबी निघून येतं. पण दुसरं कारण मोठं हाय. कालवाचं पिल्लू जन्मल्यावर दोन-तीन आठवडे पाण्यात वाहत राहतं. डोळ्याला दिसत न्हाई इतकं लहान. मंग ते जागा शोधतं. टणक पाहिजे, स्वच्छ पाहिजे, आणि शक्यतो जुन्या कालवाचंच टरफल पाहिजे. तिथं एकदा चिकटलं की जन्मभर तिथंच. जागाच भेटली न्हाई तर खाली चिखलात पडून मरतं."

"मंग जुनी टरफलं कुठं गेली?"

"चुन्याच्या भट्टीला. पिढ्यान्‌पिढ्या भरून नेली. आता नुसता चिखल राह्यला."

गिरिजाबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "म्हणजे पिल्लं हायेत, पण घर न्हाई."

"हां आई, बराबर."

संध्याचा बेत असा होता: लोखंडी चौकटी करायच्या, त्यांवर जाळीच्या पिशव्यांतून रिकामी टरफलं बांधायची आणि चिखलाच्या वर खाडीत उभ्या करायच्या. गावातल्या बायांच्या गटाला तिनं महत्प्रयासानं पटवलं होतं. खाडीचा एक कोपरा त्यांनी सोडून दिला होता. तिथं कुणी कोयती लावायची नाही असं ठरलं होतं. चौकटी कुठं करून घ्यायच्या, ते मात्र ठरत नव्हतं.

"काहून ठरत न्हाई?" तातेराव जरा रागावूनच म्हणाले. "सगळ्या देशात सळई जाते ती जालन्याची, आणि तू बाहेर फॅब्रिकेटर शोधती. तुझा बाप काय कीर्तन करतो का इथं?"

संध्यानं चित्र काढून दिलं. खाली टोकदार चार पाय, चिखलात खुंटीसारखे रोवायला. वर आडव्या सळया. निघताना ती दोनदा बजावून गेली, "बाबा, रंग नका लावू. साध्याच राहू द्या."

तातेरावांनी मान हलवली. चौकटी तयार झाल्या, एकीपेक्षा एक सरळ. आणि मग दुकानाच्या ओट्यावर ओळीनं उभ्या केलेल्या ते उघडं लोखंड त्यांना अर्धवट वाटू लागलं. लेकीचं काम, परक्या मुलखात, चार लोकांसमोर जाणार. बिनरंगाचं पाठवलं तर लोक म्हणतील, बापानं उरकून टाकलं. समुद्राची हवा, गंज धरणार, पोरीला काय कळतंय त्यातलं. त्यांनी रेड ऑक्साईडचा हात मारला, त्यावर चांगल्या कंपनीचा हिरवा पेंट दोनदा चढवला, वाळू दिला आणि मगच ट्रकवर माल चढवला. त्या दिवशी अप्परावांनी सगळ्या चौकटी फिरून बघितल्या आणि म्हणाले, "तातेराव, हे पाण्यात बुडवायचं? हे तर बंगल्याला लावायसारखं हाय." तातेरावांना दिवसभर ते शब्द पुरले.

माल पोचल्याचा संध्याचा फोन आला. ती म्हणाली, "बाबा, छान झाल्यात," आणि थोडं थांबून, "रंग दिला तुम्ही." ते म्हणाले, "असू दे, टिकंल."

त्यानंतर तिचे फोन आखूड होत गेले. तातेराव कामाचं विचारत, ती दुसरंच काही बोले. संक्रांत होऊन गेली. एका दुपारी तातेराव जेवायला घरी आले तर गिरिजाबाईंनी ताट वाढलं आणि समोरच बसल्या. गिरिजाबाईंनी लग्नाआधी बांधकामावर मजुरी केलेली, बोलणं सरळ. त्या म्हणाल्या, "एक सांगते, पण भाकर खाऊन घ्या मंग बोला."

"बोल ना."

"संध्याच्या चौकटीवर पिल्लं बसली न्हाईत. रंग लागला त्यांना. जिथं तुमचा रंग हाय तिथं एकबी न्हाई. अन्‌ चौकटीबी खचल्या. पोरगी तुमाला सांगंना, मला सांगून रडली."

तातेरावांनी भाकर मोडलेली तशीच ठेवली. उठले, हात धुतले, दुकानात गेले. त्या दिवशी त्यांनी एका गेटचा जोड पुन्हा पुन्हा घासला, इतका की पत्रा पातळ झाला. संध्याकाळी दुकानातूनच लेकीला फोन लावला.

"मला काहून सांगितलं न्हाई?"

संध्या म्हणाली, "तुमाला वाईट वाटलं असतं, बाबा. तुम्ही किती मन लावून केल्या होत्या."

"मला वाईट वाटंल म्हणून तू काम बिघडू देणार? बाया काय म्हणून राह्यल्या?"

"म्हणतात, कोपरा सोडला त्याचं काय झालं. दोघी-तिघी परत कोयती घेऊन जायच्या तयारीत हायेत."

तातेराव म्हणाले, "मी येतो." त्यांनी तोवर समुद्र पाहिलेला नव्हता.

जालन्याहून पुणं, पुण्याहून कोल्हापूर, तिथून घाट उतरून खाली. एसटीच्या खिडकीतून लाल माती बघताना त्यांना ती जमीन खोटी वाटत होती. जमीन म्हणजे काळी, एवढंच त्यांना ठाऊक. संध्या स्टँडवर उभी होती, उन्हानं रापलेली, डोक्याला टोपी, पायात रबरी बूट. तातेरावांनी तिच्याकडं बघितलं आणि विचारलं, "ओहोटी कधी हाय?" घरी जाऊन चहा प्यायलाही ते तयार नव्हते.

खाडीवर बायांच्या गटातली शेवंतीबाय मेथर वाट बघत होती. पन्नाशीची, कमरेला कोयती खोचलेली. तिनं तातेरावांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "बरा झाला, इलास ता."

तातेरावांनी चपला काढल्या, पँट गुडघ्यावर चढवली आणि चिखलात उतरले. पहिल्याच पावलाला पाय नडगीपर्यंत आत गेला. ते थांबले. वाकले, मूठभर चिखल उचलून बोटांत चोळून बघितला. काळा, चिकट, मऊ. "हे तर आपलं रान हाय पावसाळ्यातलं," ते पुटपुटले.

पुढं त्यांच्या चौकटी होत्या. हिरवा रंग अजून चकचकत होता आणि त्याच्यावर काही म्हणजे काहीच नव्हतं, शेवाळाची बुळबुळीत साय सोडून. काही चौकटी एका अंगाला कलल्या होत्या, काही आडव्या सळयांपर्यंत खचलेल्या. टरफलांच्या पिशव्या अर्ध्या गाळात बुडाल्या होत्या. संध्यानं एक पिशवी सोडली, गाळातलं एक टरफल उचलून पाण्यात खळबळलं आणि वडिलांच्या तळहातावर ठेवलं. त्यावर नखाएवढे पांढुरके ठिपके होते. तिनं एक नखानं उचकटला. आत काळं पडलेलं होतं.

"ही बसली होती, बाबा. पण चौकट खचली अन्‌ गाळानं गुदमरली."

मग तिनं पिशवीच्या अगदी वरच्या टोकाचं, गाळाबाहेर राहिलेलं एक टरफल काढलं आणि खिशातलं भिंग दिलं. तातेरावांनी चष्मा वर सरकवला. ज्वारीच्या दाण्याएवढं काहीतरी टरफलाला घट्ट धरून बसलं होतं. कडेनं पातळ, काचेसारखं, उजेड आरपार जात होता.

"जिवंत हाय?"

"हो. आता पाणी चढलं की तोंड उघडंल."

तातेरावांनी ते बराच वेळ बघितलं. त्यांना काय वाटत होतं ते त्यांना नीट सांगता आलं नसतं. लाज होती, पण नुसती लाज नव्हती. एवढा लहान जीव आयुष्यात एकदाच जागा निवडतो, आणि ती बिघडली तर त्याला उठून दुसरीकडं जाता येत नाही. त्यानं निवडण्याआधीच आपण जागा खराब करून ठेवली होती. त्यांनी टरफल जपून पाण्यात ठेवलं.

"रंगाची चूक माझी," ते म्हणाले. "तू दोनदा सांगितलं होतं."

"पायाची माझी," संध्या म्हणाली. "मला वाटलं, टोक खाली गेलं की घट्ट बसंल. पण चिखलाला खाली बूडच न्हाई."

शेवंतीबाय त्या दोघांकडं बघत होती. ती म्हणाली, "दोघांचा झाला? आता माझा आयका. चूक जागेचीव हा. हय पाणी थांबता. पोरांका खावक येवचा खयसून? थय, त्या वाकणार, पाणी व्हावता." तिनं हातानं त्याच कोपऱ्याच्या टोकाला असलेलं खाडीचं वळण दाखवलं. संध्यानं कपाळावर हात मारला. ही जागा तिनं नकाशा बघून निवडली होती, वळणावर होड्यांना अडचण होईल म्हणून ते सोडलं होतं.

तातेराव चिखलाकडंच बघत होते. मग म्हणाले, "आमच्याकडं काळ्या रानात गोठ्याचा खांब उभा करायचा असंल तर नुसता गाडत न्हाईत. पावसाळ्यात खचतो. खाली लोखंडी पाट लावतात, रुंद. पाय रुंद पाहिजे संध्या, टोकदार न्हाई."

"पण पाट चिखलात फसंल. हवा कोंडंल खाली. अन्‌ भरतीचं पाणी त्याला उचलंल."

"मंग भोकं पाडू. पाणी आरपार जाईल."

"आधी करून बघू," संध्या म्हणाली. शेवंतीबाय घरी गेली आणि एक जुना, बुडाला भोक पडलेला लोखंडी तवा घेऊन आली. तो तिथं चिखलावर ठेवला, त्यावर बांबू उभा केला आणि तातेराव स्वतः बांबूला धरून तव्यावर उभे राहिले. तवा जरासा दबला आणि थांबला. भोकातून बुडबुडे आले. शेवंतीबायला हसू आलं. एवढा मोठा माणूस तव्यावर तोल सांभाळत उभा. संध्यानं मोबाइलवर त्याचा फोटो काढला. भरती आली, तवा पाण्याखाली गेला. दुसऱ्या दिवशी ओहोटीला तिघांनी येऊन बघितलं, तवा होता तिथंच होता.

गटातल्या बायांना शेवंतीबायनंच गोळा केलं. ती काय बोलली ते तातेरावांना अर्धंच कळलं, पण बाया शेवटी त्यांच्याकडं वळून बघू लागल्या तेव्हा संध्या हळूच म्हणाली, "त्या विचारतात, तुम्ही जबाबदारी घेता का."

तातेराव उभे राहिले. त्यांना सभेत बोलायची सवय नव्हती. ते म्हणाले, "माझ्या हातानं खराब झालं. मीच नीट करून देतो. दसऱ्याच्या आत. तवर कोपरा राहू द्या." एवढं बोलून ते खाली बसले. बायांनी आपसांत बोलून कोपरा राहू दिला.

जालन्यात परतल्यावर उन्हाळा आणि पावसाळा त्यांनी त्याच कामात घातला. गेट, ग्रिलची कामं चालूच होती, पण दुकानाचा मागचा भाग खाडीचा झाला. सळई तीच. पायांना तव्याएवढे गोल पाट, त्यांना भोकं. संध्यानं कळवलं होतं की सळईवर सिमेंटचा थर द्यायचा. पिल्लांना चुन्यासारखा खरबरीत पृष्ठभाग आवडतो, आणि लोखंडही लवकर खात नाही. सिमेंटचं काम गिरिजाबाईंनी अंगावर घेतलं. पदर खोचून त्या दुकानात बसल्या आणि हातानं सळयांवर माल थापू लागल्या. तातेराव सवयीनं ओल्या कापडानं थर सारखा करायला गेले तर त्यांनी हात झटकला.

"गुळगुळीत नको म्हणाली न पोरगी? मंग ऱ्हाऊ द्या."

ते सगळ्यांत अवघड होतं. जोड न घासता ठेवायचा. कडा तशाच सोडायच्या. तीस-पस्तीस वर्षं ज्या हाताला गुळगुळीत करायची सवय, त्या हाताला थांबवायचं. ग्राइंडर उचलायचा आणि परत ठेवायचा. काही चौकटी झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की खरबरीत ठेवायचं म्हणजे कसंही ठेवायचं नाही. थर सगळीकडून सारखा जाड हवा, सळई कुठं उघडी राहता कामा नये, आणि तरी हाताला टोचला पाहिजे. मग त्यांना त्यातही हात बसल्यासारखं वाटू लागलं. आता ते डोळे मिटून बोट फिरवायचे ते कुठं गुळगुळीत तर नाही ना, हे बघायला.

अप्पराव एक दिवस ओट्यावर आले, त्या खडबडीत, राखाडी, बेढब चौकटी बघून थबकले. "तातेराव, तब्येत तर ठीक हाय ना? हे काय करून राह्यले? तुमच्या हातचं वाटत न्हाई."

एखाद्या वर्षापूर्वी हे ऐकून तातेराव कोमेजले असते. आता त्यांनी वेल्डिंगची काच बाजूला ठेवली, अप्परावांना स्टूल दिलं आणि म्हणाले, "बसा. सांगतो." आणि त्यांनी सांगितलं. पिल्लू पाण्यात कसं वाहतं, जागा कशी शोधतं, टरफलं भट्टीत कशी गेली, गाळ बसला की काय होतं, पाणी वाहतं का पाहिजे, बारकं राहू दिलं तरच पुढच्या वर्षी मोठं कसं भेटतं. दोन गिऱ्हाइकं आली तीही थांबून ऐकू लागली. अप्परावांनी शेवटी विचारलं, "म्हणजे तुमची संध्या त्या पिल्लांना घर बांधून देती."

"आमी दोघं मिळून," तातेराव म्हणाले. मागून गिरिजाबाई सिमेंटच्या हातानं म्हणाल्या, "तिघं."

चौकटी दसऱ्याच्या आधी गेल्या. संध्यानं आणि बायांनी त्या वाकणावर उभ्या केल्या. दिवाळीच्या सुमाराला तिचा फोन आला. "बाबा, बसायला लागली." तातेराव म्हणाले, "किती?" ती म्हणाली, "मोजता येणार न्हाईत." तरी तातेरावांनी ते दुकानावर कुणाला सांगितलं नाही. त्यांना पावसाळ्याची धास्ती होती. संध्यानंच सांगितलं होतं की पावसाळ्यात खाडीचं पाणी गोडं होतं, गाळ येतो, पिल्लांची खरी परीक्षा तेव्हा. पुढचा सगळा पावसाळा ते टीव्हीवर आधी कोकणातला पाऊस बघत, मग जालन्यातला.

पावसाळा सरल्यावर, कार्तिकात, एका सकाळी दुकानासमोर एक टेम्पो ट्रॅव्हलर थांबली. त्यातून नऊवारी आणि साध्या साड्या नेसलेल्या बायांचा घोळका उतरला, पुढं शेवंतीबाय. मागून संध्या, हसत. गट वेरुळला देवदर्शनाला निघाला होता. वेरुळ झालं तेव्हा बायांनी हट्ट धरला की इथवर आलो तर चौकटी जिथं झाल्या ते बघून जायचं. संध्यानं वडिलांना मुद्दाम कळवलं नव्हतं. आईला मात्र आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे गिरिजाबाईंनी भाकरीचं पीठ आधीच जास्त मळायला घेतलेलं.

तातेरावांना काय करावं ते सुचेना. त्यांनी खुर्च्या पुसल्या, त्याच पुन्हा पुसल्या. अप्परावांच्या दुकानातून दोन बाकडी आली, अप्परावही आले. भिंतीवर बाबासाहेबांची आणि बुद्धाची तसबीर होती, बायांनी तिला हात जोडले. शेवंतीबायनं पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं जड काहीतरी काढलं आणि तातेरावांच्या समोर टेबलावर ठेवलं.

"ह्यां तुमचा लोखंड. ओळखतास?"

तातेरावांनी कागद सोडला. आत हातभर लांबीचा, राखाडी-पांढऱ्या कालवांचा एक जाडजूड गुच्छ होता. एकावर एक, एकाला धरून दुसरं, त्याच्या पाठीवर तिसरं. कडा अशा धारदार की हात लावायला भ्यावं. खालच्या अंगाला सहज बघितलं तर दगडच वाटला असता. त्यांनी तो उलटा केला. तुटलेल्या टोकाला, कालवांच्या मधोमध, सिमेंटच्या कड्यात, त्यांची सळई होती. तिच्या पिळाच्या तिरप्या रेघेवरचा गाळ त्यांनी अंगठ्यानं पुसला.

"एक चौकट होडीच्या नांगराक अडकली, मोडली," शेवंतीबाय म्हणाली. "बाकी सगळी उभी आसत. मोडलेली परत बसवूक झाली नाय, म्हणून म्हटला तुमका दाखवया."

अप्पराव वाकून बघत होते. "लोखंड दिसंना झालंय."

संध्या म्हणाली, "काका, आता लोखंडाची गरज बी राह्यली न्हाई. गंजून गेलं तरी चालंल. त्यांनी एकमेकांना धरून ठेवलंय. पुढची पिल्लं आता यांच्याच पाठीवर येऊन बसतात." मग तिनं त्या गुच्छावर बोट ठेवून वडिलांना दाखवलं. मोठ्या टरफलांच्या खाचांत मुगाच्या दाण्याएवढी बारकी होती, सगळीकडं.

"आणि कोपरा?" तातेरावांनी विचारलं.

शेवंतीबाय म्हणाली, "त्या कोपऱ्यात आमी अजून कोयती नाय लावलव. पण बाहेरच्या खडकार आता पोरां दिसाक लागली, पयली नाय दिसायची. थयसून व्हावत येतत. आमी ठरवला, बोटाहून बारका आसात तर काढूचा नाय. ग्रामसभेत लिवन घेतलाव." मग तातेरावांकडं सरळ बघत म्हणाली, "तुमच्या चेडवान आमका गप बसाक नाय दिल्यान. बापाशीवर गेला हा."

तातेरावांनी संध्याकडं बघितलं. ती गिरिजाबाईंच्या खांद्यावर हात टाकून उभी होती, आणि गिरिजाबाई डोळ्याला पदर लावून, पण हसत, त्या गुच्छाकडं नाक मुरडून बघत होत्या. "वास मारतंय हो हे," त्या म्हणाल्या, आणि सगळ्या बाया खळखळून हसल्या.

जेवणं दुकानाच्या मागं झाली. ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, ठेचा. कोकणच्या बायांनी ठेच्याला हात लावला आणि पाणी मागितलं. शेवंतीबायनं मात्र दुसऱ्यांदा घेतला. तिनं आणलेली सुकी कोळंबी गिरिजाबाईंनी तव्यावर भाजून बघितली. जेवताना अप्परावांनी संध्याला पुन्हा सगळं विचारलं, आणि ती सांगायला लागली की मध्येमध्ये तातेरावच पुढचं सांगून मोकळे होत. संध्या ऐकत होती. एकदा त्यांचं काहीतरी चुकलं. भरतीला उघडतं म्हणायचं ते ओहोटीला म्हणून गेले. तिनं दुरुस्त केलं, त्यांनी मान डोलावली आणि पुढं चालू ठेवलं.

हात धुऊन झाल्यावर शेवंतीबाय दुकानात एकटीच फिरली. सळयांना हात लावला, पाटांची भोकं बघितली, वेल्डिंगची काच डोळ्याला लावून उन्हाकडं बघितलं. मग तातेरावांजवळ येऊन म्हणाली की शेजारच्या खाडीच्या बायांनीही आता गट केला आहे, त्यांनाही चौकटी हव्या आहेत, आणि तो निरोप त्यांनी तिच्याकडंच दिला आहे. "पण थयलो चिखल घट आसा," ती म्हणाली, "आणि पाणी उथळ. इतके उंच पाय नको."

तातेरावांनी खिशातला खडू काढला. मागच्या भागात एक तयार पाय भिंतीला टेकून ठेवलेला होता, तो आणून त्यांनी तिच्यासमोर उभा धरला.

"कुठवर पाहिजे?"

शेवंतीबायनं वाकून आपल्या पोटरीवर हात ठेवला, मग तोच हात तसाच धरून सळईजवळ नेला. तातेरावांनी तिथं रेघ मारली. संध्या मध्ये पडली, "अजून एक बोट वर घ्या बाबा, पावसाळ्यात तिथं गाळ जास्त येतो," असं म्हणताना तिनं बोट ठेवूनही दाखवलं. पण शेवंतीबायला ते पटेना, आणि मग त्या दोघी तिथंच, दुकानाच्या मधोमध, त्या रेघेवरून वाद घालू लागल्या. तातेराव खडू हातात धरून दोघींचं ऐकत उभे राहिले.